रक्तगणना आणि स्तनाचा कर्करोग

रक्ताच्या ठराविक घनफळातील तांबड्या कोशिका, पांढऱ्या कोशिका व बिंबाणू यांची संख्या आणि हीमोग्लोबिनाचे (तांबड्या कोशिकांतील प्राणवायुवाहक प्रथिनाचे) प्रमाण मोजण्याच्या परीक्षेस रक्तगणना म्हणतात. निरोगी प्रौढ स्त्रीच्या दर घ. मिमी. रक्तात सु. ४० ते ५० लाख तांबड्या कोशिका, ४,००० ते ११,००० पांढऱ्या कोशिका आणि दीड ते चार लाख बिंबाणू असतात. हीमोग्लोबिन दर १०० मिलि. रक्तात १२ ते १५ ग्रॅ. असते. स्तनाच्या कर्करोगाचे निदान या परीक्षेने होत नाही; ते गाठीतील ऊतकाच्या (समान कोशिकासमूहाच्या) सूक्ष्मदर्शकीय तपासणीनेच होते. तथापि निदान झाल्यावर ठरलेले औषध ठरलेल्या दिवशी व पूर्ण मात्रेत देता येईल किंवा नाही, याचा निर्णय बहुतांशी रक्तगणनेवर अवलंबून असतो. त्यामुळे उपचारांच्या इतिहासात या साध्या परीक्षेला मध्यवर्ती स्थान प्राप्त झाले आहे. या इतिहासाचा एक महत्त्वाचा टप्पा मुंबईत घडला. अमरावती व अकोला या वऱ्हाडातील जिल्ह्यांत स्त्रियांच्या रक्ताची मूळ स्थितीच अनेकदा सदोष असल्याने तेथे या परीक्षेचे महत्त्व अधिक आहे.

रक्तगणनेचा उगम : डच सूक्ष्मदर्शकतज्ञ आंतोनी व्हान लेव्हेनहूक (१६३२–१७२३) यांनी १६७४ मध्ये तांबड्या कोशिकांचे वर्णन केले; परंतु त्या मोजण्याची कल्पना प्रत्यक्षात येण्यास पावणेदोनशे वर्षे लागली. जर्मन शरीरक्रियावैज्ञानिक कार्ल फीरॉर्ट (१८१८–८४) यांनी १८५२ मध्ये रक्तकोशिकांची पहिली संख्यात्मक मोजणी प्रसिद्ध केली. त्यांची पद्धत अत्यंत वेळखाऊ होती. १८७४ मध्ये फ्रेंच वैद्य ल्वी मालासे (१८४२–१९०९) व १८७७ मध्ये इंग्रज वैद्य विल्यम गॉवर्स (१८४५–१९१५) यांनी सुटसुटीत उपकरणे तयार केल्यावर रुग्णाच्या खाटेजवळही मोजणी करणे शक्य झाले. रक्त अस्थिमज्जेत (हाडांच्या पोकळीतील मऊ ऊतकात) तयार होते, हे १८६८ मध्ये एर्न्स्ट नॉयमान (१८३४–१९१८) व जूल्यो बिद्झोझेरो (१८४६–१९०१) यांनी दाखविले. बिद्झोझेरो यांनीच १८८२ मध्ये रक्त गोठण्यातील बिंबाणूंचे कार्य स्पष्ट केले. पाउल एर्लिख (१८५४–१९१५) यांनी १८७९ च्या सुमारास ॲनिलीन रंगांनी रक्तलेपाचे अभिरंजन केले. त्यामुळे पांढऱ्या कोशिकांचे प्रकार वेगळे ओळखता येऊ लागले. यांपैकी सूक्ष्मजंतूंचा प्रथम प्रतिकार करणाऱ्या न्यूट्रोफिल कोशिका प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या आहेत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत भारतातील जिल्हा रुग्णालयांत जी पद्धत रूढ होती, ती याच शोधांवर आधारलेली होती. बोटाच्या टोकास टोचून काढलेले रक्त बारीक नळीत ओढून पांढऱ्या कोशिकांसाठी वीसपट व तांबड्यांसाठी दोनशेपट विरल केले जाई. नंतर ते ०·१ मिमी. खोलीच्या, चौकटी आखलेल्या काचपात्रावर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली चौकटीतील कोशिका मोजल्या जात. हीमोग्लोबिनासाठी स्विस वैद्य हेर्मान साली (१८५६–१९३३) यांचे उपकरण वापरीत. त्यात सौम्य हायड्रोक्लोरिक अम्लात मिसळलेल्या रक्ताला येणारा तपकिरी रंग प्रमाण काचेच्या रंगाशी जुळेपर्यंत पाणी थेंबाथेंबाने घालावे लागे. निष्कर्षाची अचूकता मोजणाऱ्याच्या दृष्टीवर व चिकाटीवर अवलंबून असे. वॉलेस कोल्टर (१९१३–९८) यांना १९५३ मध्ये अमेरिकेत एकस्व मिळालेल्या यंत्रात कोशिका सूक्ष्म छिद्रातून जाताना विद्युत् रोधात होणाऱ्या बदलावरून त्यांची मोजणी होते. या तत्त्वावरील यंत्रांमुळे पुढे काही मिनिटांत हजारो कोशिका मोजता येऊ लागल्या.

रोगामुळे होणारे बदल : स्तनाचा कर्करोग स्तनापुरता किंवा काखेतील लसीका ग्रंथींपुरता मर्यादित असताना रक्तगणना बहुधा प्राकृत (सर्वसाधारण) असते. म्हणून ‘रक्त तपासले, ते चांगले निघाले, तेव्हा गाठ साधी असावी’ हा समज चुकीचा व घातक आहे. रोग वाढल्यावर त्याचे परिणाम प्रामुख्याने दोन मार्गांनी दिसतात. दीर्घकालीन रोगात शरीरातील लोह साठ्यांतच अडकून पडते व अस्थिमज्जेला पुरेसे मिळत नाही. त्यामुळे मध्यम स्वरूपाचा पांडुरोग (हीमोग्लोबिनाची कमतरता) होतो. गाठ फुटून व्रण झाल्यास रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांची भर पडते आणि पांढऱ्या कोशिका व बिंबाणू वाढलेले आढळतात.

दुसरा मार्ग अस्थिमज्जेच्या प्रत्यक्ष आक्रमणाचा होय. इंग्रज शस्त्रक्रियाविशारद स्टीव्हन पॅजेट (१८५५–१९२६) यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी अभ्यासल्या. रोगाचे प्रक्षेप (दूरच्या अवयवांतील दुय्यम गाठी) सर्व अवयवांत सारखे न होता काही ठराविक अवयवांत अधिक होतात, असे त्यांना आढळले. बी सर्व दिशांना पडले, तरी योग्य मातीतच रुजते, या दृष्टांताने त्यांनी ते मांडले. हाडे ही अशी एक जमीन होय. कर्ककोशिकांनी मज्जेची जागा व्यापली म्हणजे अपक्व तांबड्या व पांढऱ्या कोशिका मुदतीपूर्वीच रक्तात ढकलल्या जातात आणि तांबड्या कोशिकांना अश्रूच्या थेंबासारखा आकार येतो. असा रक्तलेप दिसल्यास अनुभवी रोगविज्ञ मज्जेतील प्रक्षेपाची शंका घेतो. पुढील अवस्थेत तिन्ही घटक घटतात.

विल्यम हॉलस्टेड (१८५२–१९२२) यांनी १८९४ मध्ये वर्णन केलेली स्तनोच्छेदनाची विस्तृत शस्त्रक्रिया आणि जॉर्ज बीटसन (१८४८–१९३३) यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केलेले अंडकोशोच्छेदन, हे उपचार मज्जेला बाधक नव्हते. त्या काळात रक्तगणना रुग्णाची शस्त्रक्रियेसाठी योग्यता पाहण्यापुरतीच उपयोगी होती. क्ष-किरण व रेडियम यांचा उपचारांत वापर सुरू झाल्यावर उरोस्थी व बरगड्या यांतील मज्जेवर त्यांचा परिणाम होऊन विशेषतः लसीका कोशिका घटतात, हे लक्षात आले. तथापि मज्जेचा मोठा भाग कटी व कणा यांत असल्याने ही घट सहसा सौम्य राहते. औषधी उपचार आल्यावर मात्र रक्तगणनेचे स्थान पालटले.

मुंबईतील संशोधन : औषधोपचाराकडे नेणारा एक धागा मुंबईतील गरोदर स्त्रियांच्या रक्तपरीक्षेपासून सुरू होतो. १८९९ मध्ये प्लेग संशोधनासाठी स्थापन झालेल्या व १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव दिलेल्या संस्थेत ल्यूसी विल्स (१८८८–१९६४) या इंग्रज महिला वैद्य १९२८ पासून काम करू लागल्या. मुंबईतील गरीब स्त्रियांत, विशेषतः कापड गिरण्यांत काम करणाऱ्यांत, गरोदरपणी तीव्र पांडुरोग आढळे. त्यात तांबड्या कोशिका संख्येने फार कमी, पण आकाराने मोठ्या असत. विल्स यांनी रुग्णांचा आहार तपासला, जंतुसंसर्गाचे कारण पडताळून वगळले आणि प्राण्यांवर आहारविषयक प्रयोग केले. निकृष्ट आहारावरील माकडाला यीस्टचा अर्क दिल्यावर त्याचे रक्त सुधारले. त्याच अर्काने रुग्ण स्त्रियांचीही रक्तगणना वाढली. हे निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्कातील अज्ञात पदार्थाला काही काळ ‘विल्स घटक’ असे म्हटले जाई. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळे केलेले फॉलिक अम्ल हे जीवनसत्त्व या घटकाशी संबंधित असल्याचे पुढे स्पष्ट झाले. नव्या कोशिकांच्या निर्मितीस ते आवश्यक असते.

मूळचे आंध्र प्रदेशातील जीवरसायनशास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव (१८९५–१९४८) यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत १९४५ मध्ये फॉलिक अम्लाचे संश्लेषण झाले. बॉस्टनचे सिडनी फार्बर (१९०३–७३) यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी बालकांना फॉलिक अम्लवर्गीय पदार्थ दिले, तेव्हा रोग उलट बळावल्याचे त्यांना वाटले. त्यावरून फॉलिक अम्लाच्या कार्यात अडथळा आणणारी औषधे उपयोगी ठरतील, असा तर्क त्यांनी केला. लेडर्ली प्रयोगशाळेने अशी विरोधी संयुगे पुरविली. त्यांपैकी ॲमिनोप्टेरिनाने सोळा बालकांपैकी दहांत तात्पुरती सुधारणा झाल्याचे फार्बर यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्गातील मेथोट्रेक्झेट या औषधाने स्तनाच्या कर्करोगातही गाठी आकसतात, असे न्यूयॉर्कच्या जेन राइट (१९१९–२०१३) यांनी १९५१ मध्ये दाखविले. मुंबईच्या स्त्रियांचे रक्त ज्या जीवनसत्त्वाने भरून आले, तेच कर्ककोशिकांपासून हिरावून घेणे हे या उपचाराचे तत्त्व होय. परंतु अस्थिमज्जेलाही त्या जीवनसत्त्वाची गरज असते. त्यामुळे औषध जितके प्रभावी, तितकी रक्तगणनेत घट, असा संबंध मुळापासूनच निर्माण झाला.

विषारी वायूपासून औषधाकडे : दुसरा धागा युद्धातील आहे. पहिल्या महायुद्धात मस्टर्ड वायूने मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या अस्थिमज्जेचा ऱ्हास झाल्याचे व त्यांच्या रक्तात पांढऱ्या कोशिका अत्यल्प असल्याचे १९१९ मध्ये क्रम्भार यांनी नोंदविले होते. दुसऱ्या महायुद्धात येल विद्यापीठात लुई गुडमन व ॲल्फ्रेड गिलमन यांनी या वायूपासून साधलेल्या नायट्रोजन मस्टर्डाचा अभ्यास केला. १९४२ मध्ये लसीका ग्रंथींच्या कर्करोगाच्या एका रुग्णास ते देण्यात आले. युद्धकालीन गुप्ततेमुळे हे काम १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. २ डिसेंबर १९४३ रोजी इटलीतील बारी बंदरात मस्टर्ड बाँबसाठा वाहणारे अमेरिकी जहाज हवाई हल्ल्यात नष्ट झाले. तेथे बाधा झालेल्यांच्या पांढऱ्या कोशिका झपाट्याने घटल्याची नोंद स्ट्युअर्ट अलेक्झांडर या सैनिकी वैद्याने केली. या वर्गातील तुलनेने सुसह्य असे सायक्लोफॉस्फामाइड १९५८–५९ च्या सुमारास उपचारांत आले. १९५७ मध्ये चार्ल्स हायडेलबर्गर व सहकाऱ्यांनी फ्ल्यूओरोयुरॅसील या तिसऱ्या महत्त्वाच्या औषधाची माहिती प्रसिद्ध केली.

महाराष्ट्रातील संस्था : मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील रोगविज्ञान विभागाची उभारणी वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी केली. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक होते. त्यांच्या विद्यार्थिनी कमल रणदिवे (१९१७–२००१) यांचा जन्म पुण्याचा. उंदरांतील स्तनकर्करोगात आनुवंशिकता व हॉर्मोने (अंतःस्रावी ग्रंथींचे स्राव) यांचा वाटा किती, हा त्यांच्या संशोधनाचा प्रमुख विषय होता. त्यांना १९८२ मध्ये पद्मभूषण हा किताब मिळाला. रुग्णालय व संशोधन केंद्र यांचे एकत्रीकरण १९६६ मध्ये झाले. मुंबईची लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये सुरू झाली. ही भारतातील अशी पहिली नोंदणी होय. मुंबईच्या स्त्रियांत पूर्वी गर्भाशयग्रीवेचा कर्करोग अग्रभागी होता. नंतरच्या दशकांत स्तनाचा कर्करोग पहिल्या स्थानी आला. आज तो भारतीय स्त्रियांतील सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग आहे.

रक्तगणना निर्णायक ठरली : इटलीतील मिलान येथील जान्नी बोनादोन्ना (१९३४–२०१५) यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या चाचणीत, काखेतील लसीका ग्रंथींपर्यंत रोग पोचलेल्या स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर सायक्लोफॉस्फामाइड, मेथोट्रेक्झेट व फ्ल्यूओरोयुरॅसील ही तीन औषधे एकत्रितपणे देण्यात आली. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार २७ महिन्यांच्या काळात केवळ शस्त्रक्रिया झालेल्या १७९ स्त्रियांपैकी २४ टक्के स्त्रियांत रोग उलटला. औषधे दिलेल्या २०७ स्त्रियांत हे प्रमाण ५·३ टक्के होते. या अभ्यासानंतर रासायनी चिकित्सा जगभर शस्त्रक्रियेची जोड म्हणून स्वीकारली गेली.

या उपचारांचे वेळापत्रकच अस्थिमज्जेच्या गतीवरून ठरले आहे. न्यूट्रोफिल कोशिका रक्तात काही तासच राहतात, बिंबाणू आठ ते दहा दिवस टिकतात, तर तांबडी कोशिका सु. १२० दिवस जगते. औषधाने मज्जेतील निर्मिती थांबली की, ज्या कोशिका अल्पायुषी त्या प्रथम घटतात. म्हणून औषधानंतर साधारणपणे सातव्या ते चौदाव्या दिवसांत न्यूट्रोफिल सर्वांत कमी होतात. मज्जेतील मूळ कोशिका शिल्लक असल्याने तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत संख्या पूर्ववत होते. हीमोग्लोबिन मात्र हळूहळू, प्रत्येक आवर्तनागणिक थोडे उतरते. मिलानच्या योजनेत चौदा दिवस औषध व चौदा दिवस विश्रांती होती. पुढील काळातील बहुतेक योजनांत तीन आठवड्यांचे अंतर ठेवण्यात आले. पुढील मात्रेपूर्वी न्यूट्रोफिल सामान्यतः दर घ. मिमी.स १,५०० च्या आसपास व बिंबाणू एक लाख असावेत, असा दंडक आहे. संख्या कमी असल्यास मात्रा पुढे ढकलतात किंवा घटवितात.

न्यूट्रोफिल का मोजावयाचे, याचे उत्तर जेरल्ड बोडी व सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये दिले. रक्ताच्या कर्करोगाच्या ५२ रुग्णांच्या अभ्यासात त्यांना असे दिसले की, न्यूट्रोफिल १,००० च्या खाली उतरू लागले म्हणजे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, ५०० च्या खाली तो गंभीर होतो आणि घट जितकी लांबते तितका तो आणखी वाढतो. अशा अवस्थेत पू, सूज ही नेहमीची लक्षणे दिसतीलच असे नाही. ताप हेच पुष्कळदा एकमेव चिन्ह असते. म्हणून रासायनी चिकित्सा चालू असलेल्या स्त्रीला ३८° से. (१००·४° फॅ.) किंवा अधिक ताप आल्यास ती तातडीची अवस्था समजून त्वरित रक्तगणना व शिरेतून प्रतिजैविके हा उपाय केला जातो. घरी तापाची गोळी घेऊन दुसऱ्या दिवसाची वाट पाहणे जिवावर बेतू शकते.

उलट बाजूने, मात्रा सहजासहजी घटविणेही हितावह नसते. बोनादोन्ना व पिनूच्चा व्हालागुस्सा यांनी १९८१ मध्ये आपल्या रुग्णांची पुन्हा छाननी केली. नियोजित मात्रेच्या किमान ८५ टक्के औषध मिळालेल्या स्त्रियांना उपचाराचा खरा लाभ झाला होता. फार कमी मात्रा मिळालेल्यांना तो जवळजवळ झाला नव्हता. पूर्ण मात्रा दिली तर संसर्गाची भीती आणि घटविली तर रोग उलटण्याची भीती, या दोहोंमधील निर्णय रक्तगणनेच्या आधारे घ्यावा लागतो.

वऱ्हाडातील परिस्थिती : अमरावतीचे इर्विन म्हणून ओळखले जाणारे जिल्हा रुग्णालय व अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय, तसेच अमरावतीचे डफरीन व अकोल्याचे लेडी हार्डिंग ही खास स्त्रियांसाठीची रुग्णालये यांतून या प्रदेशातील सार्वजनिक वैद्यकीय सेवा उभी राहिली. अमरावतीस १९८४ मध्ये पंजाबराव देशमुख यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय निघाले. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ मध्ये सुरू झाले. तत्पूर्वी शिक्षण व विशेष उपचार यांसाठी १९४७ मध्ये स्थापन झालेले नागपूरचे शासकीय महाविद्यालय व १९६९ मध्ये सुरू झालेले सेवाग्रामचे महाविद्यालय यांवर वऱ्हाडाची भिस्त होती. कर्करोगाच्या उपचारांसाठी रुग्ण आगगाडीने पूर्वेस नागपूरला किंवा पश्चिमेस मुंबईला जात. अकोला–मुंबई हे लोहमार्गाने सु. ५८० किमी. अंतर आहे.

अमरावती जिल्ह्यातील दोन संतपुरुषांची नावे या प्रवासाच्या दोन्ही टोकांशी जोडलेली आहेत. यावली येथे जन्मलेले तुकडोजी महाराज (१९०९–६८) यांचे निधन कर्करोगानेच झाले. नागपूरच्या प्रादेशिक कर्करोग रुग्णालयास त्यांचे नाव देण्यात आले आहे. शेंडगावचे गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांनी गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधण्याची परंपरा घालून दिली. त्यांच्या नावाने मुंबईत दादर येथे चालणाऱ्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयात उपचार घेणारे बाहेरगावचे रुग्ण व त्यांचे नातेवाईक राहतात. या निवाऱ्याचा रक्तगणनेशी निकटचा संबंध आहे. औषध एका दिवसात देऊन होते. पण पुढील दोन आठवडे रक्त उतरण्याचे असतात आणि ठरलेल्या दिवशी गणना कमी निघाल्यास मात्रा आठवडाभर लांबते. हा काळ रुग्णालयाच्या जवळपास काढता येणे हा उपचाराचाच भाग होय. ज्या स्त्रीला तसे राहता येत नाही, ती गावी परतते. मेळघाटातील धारणी किंवा चिखलदरा तालुक्यातील पाड्यावर मध्यरात्री ताप चढल्यास जवळच्या प्रयोगशाळेचे अंतर हाच तिच्या दृष्टीने मुख्य प्रश्न असतो.

दुसरा प्रश्न मूळच्या पांडुरोगाचा आहे. २०१९–२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४·२ टक्के स्त्रिया पांडुरोगी आढळल्या. लोहाची कमतरता हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. अशी स्त्री उपचारांस आरंभ करते तेव्हाच तिचे हीमोग्लोबिन खालच्या पातळीवर असते आणि प्रत्येक आवर्तनागणिक ते आणखी उतरते. थकवा आला म्हणजे तो रोगाचा, औषधाचा की जुन्या कमतरतेचा, हे वेगळे करणे कठीण होते. म्हणून पहिल्या मात्रेपूर्वीच लोह, फॉलिक अम्ल व ब<sub>१२</sub> जीवनसत्त्व यांच्या कमतरतेचा शोध घेणे इष्ट असते. फॉलिक अम्ल कमी असलेल्या स्त्रीस मेथोट्रेक्झेट अधिक बाधते. विल्स यांनी मुंबईत अभ्यासलेला पांडुरोग व कर्करोगाचा उपचार यांची गाठ येथे पुन्हा पडते.

तिसरा प्रश्न आनुवंशिक रक्तदोषांचा आहे. मध्य भारतातील दात्रकोशिका दोषाविषयी (सिकलसेल) नागपूरचे शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ मध्ये माहिती प्रसिद्ध केली. या दोषात तांबड्या कोशिका प्राणवायूच्या अभावी विळ्यासारख्या वाकतात. विदर्भातील काही अनुसूचित जाती व जमातींत तो विशेषत्वाने आढळतो. दोषाचे केवळ वाहक असलेल्यांची रक्तगणना बहुधा प्राकृत असते. परंतु प्रत्यक्ष रुग्णाचे हीमोग्लोबिन कायमच ६ ते ९ ग्रॅ.च्या आसपास राहते. ते कर्करोगाने घटले आहे, असा गैरसमज होण्याचा संभव असतो. फाळणीनंतर अमरावती व अकोला येथे स्थायिक झालेल्या सिंधी समाजात बीटा थॅलसेमियाचे वाहक तुलनेने अधिक असतात. त्यांच्या तांबड्या कोशिका लहान व हीमोग्लोबिन किंचित कमी असते. तेथे लोह देऊन उपयोग होत नाही. तात्पर्य, या भागात रक्तगणनेचा अर्थ लावताना रुग्णाच्या कुटुंबाचा इतिहास विचारणे हे उपचाराचे अंग ठरते.

खर्चाच्या बाबतीत जुलै २०१२ हा एक टप्पा होय. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत अमरावतीचा समावेश होता. पुढील वर्षी ती राज्यभर लागू झाली व २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. कर्करोगावरील शस्त्रक्रिया, प्रारण चिकित्सा व रासायनी चिकित्सा तिच्या कक्षेत येतात. तथापि उपचारांच्या दोन आवर्तनांमधील प्रवास, मुक्काम व बुडालेली मजुरी यांचा भार कुटुंबावरच राहतो.

अलीकडील उपाय व त्यांच्या मर्यादा : न्यूट्रोफिलांची निर्मिती वाढविणारे प्रथिन ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे डॉनल्ड मेटकाफ यांच्या गटाने १९८३ मध्ये शुद्ध स्वरूपात मिळविले. जननिक तंत्राने तयार केलेल्या त्याच्या मानवी स्वरूपास अमेरिकेत १९९१ मध्ये मान्यता मिळाली. रासायनी चिकित्सेनंतर त्याचे अंतःक्षेपण (इंजेक्शन) दिल्यास घटीचा काळ आखूड होतो व पूर्ण मात्रा वेळेवर देता येते. मात्र दात्रकोशिका रोग असलेल्या व्यक्तीत त्यामुळे तीव्र वेदनांचे व प्रसंगी प्राणघातक संकट उद्‌भवल्याची उदाहरणे आहेत. विदर्भात हे औषध वापरताना ही गोष्ट विसरून चालत नाही. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाखाली होणाऱ्या तपासण्यांचा या दृष्टीनेही उपयोग आहे.

तांबड्या कोशिका वाढविणाऱ्या एरिथ्रोपोएटीन या हॉर्मोनाचा अनुभव वेगळा आला. प्रक्षेप झालेल्या स्तनकर्करोगाच्या स्त्रियांवरील एका मोठ्या चाचणीत औषध दिलेल्या गटातच मृत्यू अधिक झाल्याने ती थांबवावी लागली व तसे २००३ मध्ये जाहीर झाले. २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याविषयी कडक इशारा दिला. रक्तगणनेतील आकडा सुधारला म्हणजे रुग्णाचे आयुष्य वाढलेच, असे नाही, हा धडा त्यातून मिळाला.

टॅमॉक्सिफेन हे हॉर्मोनविरोधी औषध १९७० नंतरच्या दशकात व ट्रॅस्टुझुमॅब हे प्रतिपिंडस्वरूप औषध १९९८ मध्ये उपचारांत आले. त्यांचा मज्जेवर फारसा परिणाम होत नाही. २०१५ पासून वापरात आलेल्या पाल्बोसिक्लिबाने मात्र न्यूट्रोफिल पुन्हा घटतात. पण येथे मज्जेतील कोशिका मरत नसून त्यांचे विभाजन तात्पुरते थांबते. त्यामुळे आकडा बराच उतरूनही गंभीर संसर्ग क्वचितच होतो. एकाच आकड्याचा अर्थ औषधागणिक बदलतो, हे यावरून स्पष्ट होते.

रक्ताच्या थेंबातून रोगाचे निदान करण्याचे प्रयत्नही चालू आहेत. टॉमस ॲश्वर्थ यांनी १८६९ मध्येच एका मृत रुग्णाच्या रक्तात अर्बुदातील कोशिकांसारख्या कोशिका पाहिल्या होत्या. २००४ मध्ये असे दाखविण्यात आले की, प्रक्षेपयुक्त स्तनकर्करोगात ७·५ मिलि. रक्तात अशा पाच किंवा अधिक कोशिका सापडणे हे अशुभसूचक असते. परंतु नित्याच्या रक्तगणनेत त्या दिसत नाहीत. दरम्यान, मुंबईत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने केलेल्या स्तनपरीक्षेविषयीच्या दीर्घकालीन चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पन्नाशी व त्यापुढील स्त्रियांत या परीक्षेमुळे स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. यंत्रसामग्री कमी असलेल्या प्रदेशाला हा मार्ग परवडणारा आहे. गाठ लवकर ओळखण्यास हाताची परीक्षा व पुढील उपचार सुरक्षित राखण्यास रक्तगणना, अशी या दोन साध्या साधनांची विभागणी आहे. वऱ्हाडातील स्त्रीच्या बाबतीत पहिले साधन घरापर्यंत आणि दुसरे तालुक्याच्या ठिकाणापर्यंत दिवसरात्र उपलब्ध होणे, यावर दीडशे वर्षांच्या या ज्ञानाचे फळ तिच्या पदरात पडणे अवलंबून आहे.